थिजलेल्या तेलाचा धडा

पौष लागला की आमच्या घरी एक काम माझ्या वाट्याला येई. सकाळी न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली उचलायची आणि अंगणात पहिले ऊन पडेल तिथे नेऊन ठेवायची. रात्रीतून तेल पांढरेशुभ्र, घट्ट होऊन बसलेले असे आणि ते पातळ झाल्याशिवाय बहिणींच्या वेण्या होत नसत. शाळेची घाई असली तर बाटली गरम पाण्याच्या तांब्यात बुडवावी लागे. आई कोकणातली. तिच्या माहेरहून कोकमाच्या बियांचे मुठेल येई, त्याचा तर गोळाच असायचा. तो ऐन वैशाखातही वितळत नसे. टाचांच्या भेगांना लावायचा तर दिव्यावर धरून ऊन करावा लागे. फोडणीचे शेंगदाण्याचे तेल कडाक्याच्या थंडीत गढूळ होई. करडईचे तेल मात्र डब्यात जसेच्या तसे, स्वच्छ आणि वाहते. जवसाच्या तेलाची तऱ्हा आणखी वेगळी. ते थंडीला दाद देत नसे, पण उघडे राहिले की खवट होई आणि सुताराने दाराला चोळले की वाळून कडक होई.

पाच तेलांच्या या पाच तऱ्हा आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होत्या. त्या तशा का, हे कोणी विचारत नसे. पुढे मी रसायनशास्त्र शिकलो, तालुक्याच्या गावी महाविद्यालयात तीस-बत्तीस वर्षे शिकवले, तेव्हा उत्तर कळले. पण त्या उत्तराची खरी किंमत कळायला मला निवृत्तीच्या उंबरठ्यावर एक चूक करावी लागली. आज लिहायला बसलो आहे तो त्या चुकीमुळेच.

२००६ सालची गोष्ट. माझे थोरले चुलतभाऊ, आम्ही त्यांना आबा म्हणतो, माणदेशात कोरडवाहू शेती करतात. एका कंपनीचा माणूस मोटारसायकलवरून त्यांच्या गावी आला. हातात रंगीत पत्रके. मोगली एरंड लावा, पाणी नको, खत नको, गुरे तोंड लावत नाहीत, तिसऱ्या वर्षापासून बी आम्ही विकत घेऊ, त्याचे डिझेल होणार आहे, असे तो सांगत होता. तो काळच तसा होता. २००३ मध्ये योजना आयोगाच्या समितीने बायोडिझेलसाठी याच झाडाची शिफारस केली होती. त्याच्या आदल्याच वर्षी, ३१ डिसेंबर २००२ रोजी, दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस ५ टक्के बायोडिझेल मिसळून धावली होती. वर्तमानपत्रे भरून लेख येत होते. आबा पत्रक घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, तू शिकलेला. ह्या बियांचं खरंच डिझेल होतं का?"

मी म्हणालो, "होतं, आबा. अगदी खरं आहे."

उत्तर बरोबर होते. बियांत तेल असते आणि त्या तेलाचे डिझेल होते. आबांनी माळाच्या दोन एकरांत रोपे लावली. झाडे जगली, कारण ते झाड चिवटच आहे. पण पाणी आणि खत न दिलेल्या झाडाला फळे ती किती येणार? आली तीही एका वेळी पिकेनात. आज चार, आठवड्याने पाच. वेचणाऱ्या बाईची मजुरी बियांच्या किमतीहून जास्त. चौथ्या वर्षी बी गोळा झाले तेव्हा पत्रकावरचा दूरध्वनी लागत नव्हता. २०११ च्या उन्हाळ्यात आबांनी झाडे उपटली. मला त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही, हेच मला अधिक लागले. त्यांनी मला जे विचारले त्याचे उत्तर मी दिले होते. जे विचारायला हवे होते ते त्यांना ठाऊक नव्हते आणि मला सुचले नाही.

आता त्या बाटलीकडे येतो.

तेल म्हणजे ग्लिसरीनच्या एका कण्याला जोडलेल्या तीन लांबलचक स्निग्धाम्लांच्या साखळ्या. तेलात मिथेनॉल आणि थोडा अल्कली घालून ढवळले की साखळ्या कण्यापासून सुटतात, ग्लिसरीन खाली बसते आणि वर राहते ते बायोडिझेल. शंभर किलो तेलाला साधारण दहा किलो मिथेनॉल लागते आणि जवळपास शंभर किलो इंधन मिळते. हे आमच्या प्रयोगशाळेत बी.एस्सी.ची मुलेसुद्धा करीत. ग्लिसरीन गेले तरी साखळ्या त्याच राहतात. म्हणून तेलाचा स्वभाव इंधनात उतरतो.

हा स्वभाव समजायला सरपणाची मोळी आठवावी. सरळ, लांब काटक्या एकमेकींना चिकटून घट्ट बसतात. वाकड्या फांद्यांची मोळी कितीही आवळली तरी सैल राहते. आणि काटक्या सरळ असूनही आखूड असतील तर त्या मोळीतून निसटतात. संपृक्त स्निग्धाम्ले म्हणजे सरळ काटक्या. त्यांतली लांब असतात ती थोड्या गारव्यानेही स्फटिक होऊन बसतात. पाल्मिटिक आम्लापासून झालेले इंधन ३० अंशांच्या आसपासच गोठते, स्टिअरिक आम्लाचे ३८ च्या सुमाराला. असंपृक्त आम्लांच्या साखळीला मध्येच बाक असतो. ओलेइक आम्लाचे इंधन उणे २० पर्यंत वाहते, लिनोलेइकचे त्याहूनही खाली. आमच्या मुठेलात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून अधिक, म्हणून त्याचा गोळा. करडईत लिनोलेइक भरपूर, म्हणून ती पातळ. शेंगदाण्याच्या तेलात फार लांब साखळीची संपृक्त आम्ले थोडी असतात, पण तेवढी पुरतात. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक लहानसे डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते, ही गोष्ट बायोडिझेलच्या प्रत्येक भाषणात सांगितली जाते. मात्र शेंगदाण्याचे बायोडिझेल १७-१८ अंशांनाच गढूळ होऊ लागते, हे त्या भाषणात कोणी सांगत नाही.

गढूळ होणे ही किरकोळ बाब नव्हे. इंजिन बंद पडायला इंधनाचा दगड व्हावा लागत नाही. मेणासारखे बारीक स्फटिक तयार झाले की ते गाळणीवर साचतात, गाळणी तुंबते आणि गाडी उभी राहते. सोयाबीनचे बायोडिझेल शून्य अंशाच्या आसपास गढूळते, पामतेलाचे १५ अंशांच्या सुमाराला. म्हणजे निव्वळ पामच्या बायोडिझेलवर चालणारी गाडी पुण्याच्या पौषातही पहाटे कुरकुरेल आणि पारा ५ अंशांवर उतरतो त्या निफाडला तर हलणारच नाही. डिझेलमध्ये पाच टक्के मिसळले तर एवढा त्रास होत नाही हे खरे. पण प्रमाण वाढवायचे म्हटले की हा प्रश्न दारात उभा राहतो.

तो कसा उभा राहतो हे मी डोळ्यांनी पाहिले. माझा मुलगा अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात नोकरीला होता. २०१४ च्या जानेवारीत आम्ही उभयता त्याच्याकडे होतो. थंडी अशी की ६ जानेवारीला राज्यपालांनी राज्यभरातल्या शाळा बंद ठेवायला लावल्या. पारा उणे पंचवीसच्याही खाली. पेट्रोलपंपावर एक ट्रकवाला टाकीत इंधन भरण्याआधी बाटलीतून काहीतरी ओतत होता. मुलाने सांगितले, "बाबा, डिझेल गोठू नये म्हणून टाकतात ते." मला न्हाणीघरातला गरम पाण्याचा तांब्या आठवला.

या राज्याने सप्टेंबर २००५ पासून सगळ्या डिझेलमध्ये २ टक्के बायोडिझेल सक्तीचे केले होते. पहिल्याच हिवाळ्यात ट्रकच्या गाळण्या तुंबल्या आणि सक्ती काही काळ स्थगित करावी लागली. कारण शोधले तेव्हा दोष थंडीइतकाच कारखान्यांच्या घाईचा निघाला. नीट न धुतलेले, ग्लिसरीन मागे राहिलेले इंधन पुरवले गेले होते. तिथल्या लोकांनी कायदा गुंडाळला नाही, तो ऋतूप्रमाणे वळवला. २०१८ पासून तिथे उन्हाळ्यात २० टक्के आणि हिवाळ्यात ५ टक्के मिश्रण आहे. निसर्गापुढे एवढी मान तुकवणे शहाणपणाचेच म्हणावे लागेल.

पण थंडीचा प्रश्न टक्केवारी कमी करून टळतो, सुटत नाही. सोडवण्याचे मार्ग थोडेच आहेत. एक, इंधन मुद्दाम थंड करून स्फटिक गाळून टाकायचे. यात माल घटतो. दुसरा, औषध घालायचे. पण औषधाने स्फटिक बारीक राहतात, व्हायचे थांबत नाहीत आणि खनिज डिझेलवर ते जेवढे लागू पडते तेवढे बायोडिझेलवर पडत नाही. तिसरा मार्ग मुळाशी जाणारा. ज्या बियांचे तेलच थंडीला तोंड देणारे आहे, ते बी शोधायचे आणि त्याचे तेल वापरायचे किंवा थिजणाऱ्या तेलात मिसळायचे.

इथे एक मेख आहे. थंडीत वाहते राहावे म्हणून असंपृक्त तेल घ्यावे तर ते जवसासारखे हवेशी संयोग पावते, टाकीत साठवले की बिघडते. टिकावे म्हणून संपृक्त घ्यावे तर ते थिजते. आमच्या फरीदाबादच्या इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये याच अडचणीवर एक सरळ उपाय मांडला होता. मोगली एरंडाचे इंधन थंडीला बरे पण टिकायला कच्चे, पामचे टिकायला पक्के पण थंडीला कच्चे. तेव्हा दोन्ही मिसळा आणि एकाच्या गुणाने दुसऱ्याचा दोष झाका. आपल्या स्वयंपाकघरात हेच तर चालते. अर्थात मिश्रणाने दोन्ही टोके थोडी थोडी सावरतात, दोन्ही पूर्णपणे साधत नाहीत.

दोन्ही साधायची तर काटकी सरळ हवी आणि आखूडही हवी. संपृक्त म्हणून न बिघडणारी, आखूड म्हणून न थिजणारी. खोबरेल तेलात अशा साखळ्या बऱ्याच असतात. गंमत अशी की जे खोबरेल पंचविशीच्या आत थिजते, त्याचेच बायोडिझेल ग्लिसरीनच्या कण्यातून सुटल्यावर शून्य अंशाच्या आसपासपर्यंत वाहते राहते. फिलिपिन्सने २००९ पासून डिझेलमध्ये खोबऱ्याचे २ टक्के बायोडिझेल सक्तीचे केले आणि ऑक्टोबर २०२४ पासून ते ३ टक्के केले. पण आपल्याकडे नारळ जाळायला कोणी देणार नाही, देऊही नये. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक आपण बाहेरून आणतो. ते टाकीत ओतणे म्हणजे पोटावर पाय देणे होय.

मिनेसोटातच मला कुफिया या रोपाची माहिती झाली. हे मूळचे अमेरिका खंडातले. आपल्या राज्याचे फूल ताम्हण आणि आपली मेंदी ज्या कुळातली, त्याच कुळातले हे झाड. त्याची एक लहानखुरी बहीण बागेच्या कडेला जांभळ्या फुलांची किनार म्हणून आपल्याकडेही लावतात. तेलासाठी मात्र दोन रानटी जातींच्या संकरातून एक वाण तयार करण्यात आला. त्याच्या तेलात कॅप्रिक आम्ल, म्हणजे दहा कार्बनची आखूड, सरळ साखळी, साठ टक्क्यांहून अधिक असते. इलिनॉय राज्यात पिओरिया येथे अमेरिकी कृषी खात्याची प्रयोगशाळा आहे. १९४० च्या दशकात पेनिसिलीनचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्याची युक्ती इथेच सापडली. तिथल्या गेरहार्ड क्नोथे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या तेलाचे बायोडिझेल तपासले. ते उणे ९-१० अंशांपर्यंत गढूळ होत नाही, सोयाबीनपेक्षा दहा अंशांनी सरस. ज्वलनही उत्तम आणि टिकाऊपणाही चांगला.

हे वाचून पत्रके छापणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावे. पण कुफियाची दुसरी बाजू त्याच शास्त्रज्ञांनी सांगितली आहे. रानटी झाडाची सवय अजून सुटलेली नाही. बोंड पिकण्याआधीच फुटते आणि बी जमिनीवर सांडते. झाडावर चिकट लव असते, कापणीच्या यंत्राला ती गुंडाळते. पिकणे एकसारखे होत नाही. मिनेसोटातल्या मॉरिस गावच्या सरकारी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे याच्या चाचण्या झाल्या. पेरणी केव्हा करावी, दोन ओळींत अंतर किती ठेवावे, कापणी कोणत्या आठवड्यात करावी, हे सारे तपासले गेले. आजही कुफिया हे मोठे पीक झालेले नाही. तेल सोन्यासारखे असूनही नाही.

कुफियाची कहाणी मला आबांच्या माळावरच्या कहाणीशेजारी ठेवावीशी वाटते. दोन्ही झाडे अमेरिका खंडातून आलेली, दोन्ही अर्धवट रानटी, दोन्हींची फळे एका वेळी न पिकणारी. एकीकडे ते दोष प्रयोगशाळेच्या वाफ्यांत उघडे पडले आणि लिहून ठेवले गेले. दुसरीकडे ते कोरडवाहू शेतकऱ्याच्या दोन एकरांत उघडे पडले आणि त्याची किंमत त्याने भरली. आपल्याकडे आधी उद्दिष्ट जाहीर झाले, मग रोपे वाटली गेली आणि संशोधन मागून चालत आले. २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे स्वप्न दाखवले. ते साल आले आणि गेले. २०१८ च्या नव्या धोरणाने बायोडिझेलसाठी २०३० पर्यंत ५ टक्के हे उद्दिष्ट ठेवले. ते अधिक वास्तव आहे आणि वापरलेले तळणाचे तेल, अखाद्य बिया यांवर त्याचा भर आहे, ही चांगली गोष्ट. पण उद्दिष्ट जवळ येऊ लागले की पुन्हा कोणीतरी पत्रक घेऊन माळावर येणार, ही माझी भीती आहे. झाडाचे नाव तेवढे नवे असेल.

कोणी म्हणेल, माणदेशात उन्हाने लाही होते, तिथे थंडीत थिजणाऱ्या तेलाची चिंता कशाला? याचे उत्तर असे की तेल माणदेशात निघेल, पण राहणार नाही. देशाचे डिझेल एक आहे. तेच डिझेल माणमधल्या ट्रॅक्टरला लागते आणि लडाखमधल्या लष्करी ट्रकलाही. लडाखमध्ये साधे डिझेल थिजते, म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल आणले. त्यातही ५ टक्के बायोडिझेल आहे. म्हणजे हे साधते. पण आपोआप साधत नाही. कोणते तेल, किती आणि कोणत्या ऋतूत, याचा हिशेब कोणीतरी बसून केला तेव्हा साधले. मोहाच्या बियांत तेल पुष्कळ, पण संपृक्त आम्ले चाळीस टक्क्यांच्या पुढे. करंजाच्या तेलात शेंगदाण्यासारखीच फार लांब साखळीची आम्ले थोडी असतात. ही झाडे वाईट आहेत असे मुळीच नाही. दख्खनच्या आणि विदर्भाच्या हवेत, त्याच भागातल्या पंपांना आणि ट्रॅक्टरला त्यांचे इंधन खुशाल चालेल. पण एकरी तेल किती, हा एकच आकडा पाहून देशभर एकच झाड आणि एकच टक्केवारी ठरवायची ही रीत सोडली पाहिजे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. मिश्रणाचे प्रमाण प्रदेश आणि ऋतू पाहून ठरवावे. मिनेसोटाने चुकत चुकत तेच केले. आपल्या कृषी विद्यापीठांनी तेलबियांच्या वाणात तेलाच्या टक्केवारीबरोबर तेलाची घडणही तपासावी आणि जाहीर करावी. आपल्या रानातल्या किती बियांत आखूड साखळीची तेले आहेत, याचा शोध घ्यायला परदेशी जावे लागत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, जे झाड सरकारी वाफ्यात निदान काही हंगाम उभे राहून, एकसारखे पिकून, यंत्राने वा परवडणाऱ्या मजुरीने निघून दाखवत नाही, ते शेतकऱ्याच्या बांधावर नेऊ नये. नेणाऱ्याने खरेदीचा करार लिहून द्यावा, त्याला जामीन द्यावा. एवढे झाले तर थोडी घाई कमी होईल, पण घाई आपल्याला कुठे घेऊन गेली हे आबांच्या माळावर दिसते.

गेल्या पौषात आबा घरी आले होते. वय झाले आहे, पण नजर शाबूत. कुंडीतली जांभळी फुले पाहून म्हणाले, "हे काय लावलंयस?" मी कुफियाची सगळी हकिगत सांगितली. ते ऐकून घेत होते. मग नेहमीच्या मिस्कीलपणे म्हणाले, "मग लावू का माळावर?"

"नको, आबा," मी म्हणालो. "तेल चांगलं आहे, पण बी हातात येत नाही आणि घ्यायला कोणी नाही."

"हे तेव्हा सांगितलं असतंस तर!" ते हसत म्हणाले.

ते हसले. मला हसता आले नाही.